तसबिरीचा मान

डोळ्यांची राखण करणाऱ्या संत पारास्केवीच्या सणाला तिची तसबीर छातीशी धरून मिरवणुकीत पुढं चालायचा मान गावात कायम कल्लिरोईचा. पण मोतीबिंदू काढताना आपल्याला साक्षात संताबाई दिसली, असं स्तमातियानं देवळाच्या पायरीवर बसून सांगितलं, आणि पाद्रीबाबांनी यंदा तसबीर तिच्या हातात दिली. कल्लिरोईच्या अंगाची लाही लाही झाली. जिला स्वतःच्या शेगडीवर उतू जाणारी कॉफी दिसत नाही, तिला म्हणे संत दिसली.

मग हट्टानं तीही ऑपरेशनला गेली. तोंडावर कापड, डोळा बधिर, आणि थोड्या वेळानं समोर खरंच निळं-गुलाबी काहीतरी पाण्यासारखं हलायला लागलं. तिचा जीव हरखला.

"डॉक्टर, कोण आलीय हो ही?"

"कोणी नाही, आजी. माझ्या दिव्याचा उजेड आहे तो. इथं झोपणाऱ्या बऱ्याच जणांना असंच दिसतं."

आता स्तमातियाचं पितळ उघडं पाडायचं, म्हणून पट्टी निघताच कल्लिरोई तडक देवळाशी गेली. बाया जमल्या, पाद्रीबाबाही बाहेर आले. स्तमातियानं नाक वर करून विचारलं, "काय गं, तुला दिसलं का काही?"

कल्लिरोईनं एकवार पाद्रीबाबांकडं पाहिलं.



"दिसली तर. म्हणाली, पुढच्या सणाला तसबीर तूच धर बाई. स्तमातिया चालताना फार हिसके देते, मला गरगरतं."