पान दोनशे बारा

"दोनशे अकरा," खिडकीमागचा कारकून म्हणाला. बोटावरची रबरी टोपी तशीच हवेत थांबली. "आणि एकदम दोनशे तेरा. बाई, मधलं पान कुठाय?"

"असेल हो. चिकटलं असेल."

"माझ्या हाताखालून पानं चिकटून जात नाहीत."

हे मात्र खरं होतं. कीटकनाशकांच्या नोंदणी कार्यालयात चार खिडक्या. तिघं जण खोका हातात तोलून पोच देऊन टाकत. चार नंबरचा हा एकटा पानन् पान मोजायचा. कंपन्यांची माणसं त्याला मोजणीमास्तर म्हणत आणि त्याची खिडकी चुकवत. आज तीन नंबर मोकळीच होती. पण चारसमोरच्या बाकावर पंखा होता, आणि ही बाई लेकीला, ठमीला, घेऊन आली होती. म्हणून ती चारसमोर उभी राहिली.

साडेतीन वाजले होते. पाचला खिडकी बंद. कंपनीचं फवारणीचं औषध बाजारात राहायचं, तर सरकारने मागितलेला अहवाल आजच जमा व्हायला हवा होता. हे औषध पोटात गेलं तर उंदरांच्या लहान पिलांचं काय होतं, त्याचा अहवाल. मुदत दोनदा वाढवून झाली होती. आज चुकलं की नोंदणी आपोआप रद्द. आणि खोका घेऊन आलेल्या बाईची नोकरीही तिच्या मागोमाग.

अहवाल तिनेच टाइप केला होता, तोही दोनदा. पहिल्या मसुद्यात 'थरथर' हा शब्द एकतीस वेळा होता. साहेबांनी हात फिरवल्यावर एकदाही नाही. साहेबांचा हात मोठा सफाईदार.

कारकुनाने अनुक्रमणिकेवरून बोट फिरवलं. "दोनशे बारा म्हणजे प्रयोगशाळाप्रमुखाचं प्रमाणपत्र. सही-शिक्क्याचं. शाब्बास! अख्खं धड आणलंत आणि मुंडकं घरी विसरलात."

"एका पानासाठी अडवणार तुम्ही?"

"अर्ध्यासाठीही अडवेन."

"तुमच्यासारखी माणसं असतात म्हणून देश पुढे जात नाही."

"जाऊ दे की पुढे. मोजून जाऊ दे."

दोन नंबरच्या रांगेत कुणीतरी खुसकन हसलं. तिने फणकाऱ्याने फोन काढला आणि साहेबांना लावला. साहेबांचा आवाज खिडकीपलीकडेही ऐकू जात होता.

"झेरॉक्स पाठवतो! दहा मिनिटांत!"

"झेरॉक्स चालत नाही म्हणतात. शाईची सही हवी."

"मग प्रयोगशाळाप्रमुखांना गाठा आणि सही घ्या!"

"ते विमानात आहेत, साहेब. साडेसहाला उतरतील."

"आजचं तिकीट कुणी काढलं त्यांचं?"

"मी. सगळ्यात स्वस्त काढा म्हणाला होतात ना?"

पलीकडे काहीतरी टेबलावर आपटलं. मग, "थांबा तिथेच. वरून फोन करायला लावतो."

ती बाकाशी गेली. ठमीचा एक मोजा निसटून टाचेखाली गोळा झाला होता. तो वर ओढला, कपाळावरचे घामेजलेले केस मागे सारले, दोन घोट पाणी पाजलं. ठमी सकाळी आईने दिलेल्या कागदावर पोटावर पालथी पडून रंगकाम करत होती.

"आई, भूक."

"थोडं थांब, राणी. पाच वाजले की जाऊ."

कारकुनाने खिडकीतून मान बाहेर काढली. "काय काढतेस ग?"

ठमीने कागद उंच धरला. "हत्ती."

"वा! सोंड तर पार कागदाबाहेर गेली. कागद पण भारी आहे हो, जाडजूड."

"ऑफिसातला आहे. रद्दीतला," ती म्हणाली आणि पुन्हा खिडकीशी आली. "वरून फोन येतोय तुम्हाला."

"येऊ दे."

आला. कारकून उभा राहून बोलला. "हो, सर. ऐकतोय, सर. एक पान कमी आहे, सर." पलीकडचा आवाज चढत गेला. कान लाल झाले. "घेतो की, सर. फक्त तेवढं लेखी द्या. तुमच्या सहीने." रिसीव्हर कानापासून दूर धरून त्याने त्याच्याकडे पाहिलं. "ठेवला वाटतं."

"म्हणजे कितीही वरचा माणूस बोलला तरी घेणार नाही?"

"नाही."

"मीपण इथून हलणार नाही."

"बसा. पंखा सरकारी आहे."

ती तशीच उभी राहिली, खिडकीच्या चौकटीवर हात घट्ट रोवून. नवी येणारी माणसं तिला पाहून तीन नंबरला वळत होती. घड्याळाचा काटा सरकत होता आणि दोघंही एकमेकांवरची नजर काढत नव्हती.

पाच वाजले. कारकुनाने रबरी टोपी काढून ड्रॉवरमध्ये टाकली. आवाज जरा खाली आणला. "वाईट वाटतं हो. तुमच्यावर शेकणार हे. पण घरी मलाही नात आहे. भाजी तीही खाते."

"आता पुढे काय?"

"नवा अर्ज. नव्या चाचण्या. त्याही सरकारी प्रयोगशाळेत, आमच्या माणसासमोर. तोवर एक बाटली विकायची नाही."

"म्हणजे दोन वर्षं गेली!"

"तीन धरा."

"अहवाल घेतला नाही, असं लेखी द्या. वेळ घालून."

त्याने लिहून दिलं. तिने कागद दोनदा वाचला आणि पर्समध्ये ठेवला. तेवढ्यात फोन वाजला.

"उद्यापासून येऊ नका!" साहेब ओरडले.

"बरं," ती म्हणाली.

खिडकीची फळी खाली आली. ती बाकावर ठमीशेजारी टेकली आणि तिला मांडीवर ओढून घेतलं. मुलीच्या मानेला घामाचा, मेणाच्या खडूंचा वास येत होता.

"आई, हत्ती झाला. अजून कागद दे."

"अजून कशाला? याचीच दुसरी बाजू आहे की."

तिने हत्ती उलटा केला. वर कोपऱ्यात २१२ छापलेलं होतं. खाली प्रयोगशाळाप्रमुखाची निळी सही आणि गोल शिक्का.

"आता ही रंगव," आई म्हणाली, आणि डबीतून काळा खडू शोधून तिच्या मुठीत दिला.