बावीस पायऱ्या

आमचा कुत्रा भुऱ्या तेरा वर्षांचा झाला आणि मागच्या पायांनी लंगडू लागला. बार्शीटाकळीहून गाडीत घालून त्याला अकोल्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सांधे दाबून पाहिले.

"जिना चढते काय हा, जीवनभाऊ?"

"चढते ना. बावीस पायऱ्या, दिवसातून चारदा. कितीही हाकला तरी आयकत नाही."

"त्यानंच सांधे झिजले याचे. तुमच्या मांगं मांगं येत असन वर."

"नाही, एकटाच जाते. कामवाली सोडली तर आमी कोणी वर जातच नाही."

गोळ्या लिहिता लिहिता डॉक्टर थांबले. "मंग तुमी वर ठेवलं तरी काय हाय?"





"आमच्या बाबाले."