धुतलेला डबा

डेपोच्या दवाखान्याबाहेरच्या बाकावर ड्रायव्हर काही टेकेना. बसायचा, उठायचा, खिडकीपर्यंत जायचा, परत यायचा.

“अहो, बसा की जरा,” बायको म्हणाली. “फेऱ्या मारून आकडा बदलतो का आता?”

तो बसला आणि पाय हलवत राहिला. तिच्या मांडीवर कापडी पिशवी होती, पिशवीत डबा. सकाळी त्यानं उपाशीपोटी रक्त दिलं होतं. निकाल कळला की पोटात काहीतरी जावं, म्हणून तिनं डबा बरोबर आणला होता.

निकालाची त्याला फारशी भीती नव्हती. आठ दिवस पोटाला चिमटा काढला, रात्री नुसती काकडी चघळली की वर्षाची तपासणी पार पडते, हे त्याचं गणित. मागच्या वर्षी ते बरोबर आलं होतं. भीती होती ती तपासणीलाच आलेल्या, समोर भिंतीला टेकून उभ्या असलेल्या त्याच्या गाडीवरच्या कंडक्टरची. बायको आणि कंडक्टर आज पहिल्यांदाच एका छताखाली आले होते, आणि कंडक्टरच्या तोंडात तीळ भिजत नव्हता.

त्या कंडक्टरला सगळा डेपो ‘पिंप’ म्हणायचा. दोन वर्षांपूर्वी ते नाव त्याला शोभायचंसुद्धा. आता पट्ट्याला तीन नवी भोकं पाडली होती आणि उरलेलं टोक लोंबत होतं. सडाफटिंग माणूस, कँटीनच्या कुपनांवर जगणारा. ड्रायव्हरला साखरेचं दुखणं निघालं, तेव्हा बायकोनं हा नवा डबा आणला आणि ती त्यात पालेभाजी, मोड आलेली कडधान्यं, बिनफोडणीची डाळ भरायला लागली. पहिल्याच दिवशी ड्रायव्हरनं डबा न उघडता पिंपाच्या हातात दिला आणि त्याचं कुपन घेतलं. तेव्हापासून रोज तेच. कँटीनचे तळलेले बटाटे आणि गोड पाव त्यानं दोन वर्षं मिटक्या मारत खाल्ले. संध्याकाळी डबा लख्ख धुऊन घरी जायचा. बायको विचारायची, “कसं झालं होतं?” तो म्हणायचा, “झकास!”

दार उघडलं. डॉक्टरबाई घाईत होत्या. “एकाच गाडीवरचे ना तुम्ही? या, सगळेच आत या.”

आधी त्यांनी पिंपाचा कागद उचलला. “वजन अठरा किलोनं कमी. रक्तदाब उतरलाय. वा! तुमची एक गोळी बंद करू या. जे खाताय तेच खात राहा.”

पिंप तोंडभर हसला. ड्रायव्हरनं मात्र बायकोकडे चोरून बघितलं.

“आता तुम्ही,” डॉक्टरबाई वळल्या. “या वर्षीपासून तपासणी वेगळी आहे. ही नुसती आज सकाळची साखर सांगत नाही, गेल्या तीन महिन्यांची सांगते.”

आठ दिवसांची काकडी पाण्यात गेली.

“तीन महिने स्टिअरिंगला हात लावायचा नाही. गोदामात बसा. पुन्हा हाच आकडा आला, तर गाडी कायमची बंद. पन्नास माणसं मागं बसतात हो तुमच्या! आणि गाडीचं सोडा. डोळे, मूत्रपिंडं, पाय... एका दिवसात काही बिघडत नाही. रोजच्या ताटानं हळूहळू बिघडतं.”

बावीस वर्षं त्यानं गाडीच हाकली होती. दुसरं काही त्याला येत नव्हतं.

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला आणि बायकोकडे बघितलं. “बाई, तुम्ही यांना डब्यात देता तरी काय?”

बायकोचा चेहरा खर्रकन उतरला. “तुम्ही सांगितलं होतं तेच हो. तेलसुद्धा चमच्यानं मोजून घालते.”

“मग हा आकडा कुठून आला?”

“उद्यापासून तेवढंही घालत नाही.” तिनं पदरानं डोळे पुसले. “माझंच काहीतरी चुकत असणार.”

सांगून टाक, ड्रायव्हरचं मन म्हणत होतं. सांग, तिचा काय दोष! पण तो टेबलाच्या कडेवर बोटं वाजवत राहिला.

“बघा तुम्हीच.” तिनं डबा काढून नवऱ्यापुढे ठेवला. “अहो, उघडून दाखवा यांना.”

त्यानं झाकण ओढलं. निघेना. डबा फिरवून दुसऱ्या बाजूनं ओढलं. नखं खुपसली. कपाळावर घाम आला. बायको बघत होती, डॉक्टरबाई बघत होत्या.

“अरे, तसं नाही! आधी खालची कडी दाबायची,” पिंप म्हणाला. त्याचा हात सवयीनं पुढे गेला आणि झाकण टचकन उघडलं.

मग त्यानं चटकन हात मागे घेतला.

डॉक्टरबाईंनी पेन उचललं आणि त्या लिहायला लागल्या. बायकोनं उघड्या डब्याकडे बघितलं. मग पिंपाच्या पट्ट्याच्या लोंबत्या टोकाकडे बघितलं.

“भाऊजी,” ती म्हणाली, “डबा रोज धुऊन यायचा. तो तुम्ही धुवायचात?”

पिंपानं मान खाली घातली. “हो, वहिनी. इतकं छान खायचं आणि खरकटा कसा परत पाठवायचा?”

“मला वाटायचं, हे धुतात.” नवऱ्याकडे तिनं वळूनही पाहिलं नाही. “दोन वर्षं शेजारपाजारी मिरवत होते मी.”