वीस काठ्या

समजा, टेपचं एक टोक तुमच्या हातात आहे. दुसरं टोक लांब तिकडे, विहिरीच्या कठड्याशी, मोजणीदाराने धरलं आहे. टेप ताणलेला. आकडा एकशे शहाऐंशी फूट आठ इंच. तो जिथे संपतो तिथे पाववाल्या काकांची भट्टी आहे, आणि भट्टीची पाठ त्याच्याही पुढे दोन फूट गेली आहे. तुम्ही अकरा वर्षांचे आहात. मोजणीदार तुमचे बाबा आहेत. काय कराल?

ती मुलगी टेप धरून नुसती उभी राहिली.

गल्लीत विहिरीपासून ओळीने तीन जागा होत्या. पहिली पाववाल्या काकांची, दुसरी शिवणवाल्या काकूंची, तिसरी मोजणीदाराची. त्यापुढे रस्ता. काकूंना शिवणाच्या खोलीसाठी भिंत घालायची होती, म्हणून त्यांनी हद्द मोजायला सांगितली होती. जुन्या नकाशात फूट नव्हते, काठ्या होत्या. काका आणि काकूंच्या मधली हद्द विहिरीपासून वीस काठ्यांवर. मोजणीच्या पुस्तकात एक काठी म्हणजे नऊ फूट चार इंच. गुणाकार सोपा होता.

"दोन फूट माझ्यात," काकू म्हणाल्या. "भट्टी पाडावी लागेल."

"अहो, भट्टी म्हणजे काय कपाट आहे, मागे सरकवायला?" काका म्हणाले. "पाठ पाडली की संपलंच सगळं."

"बाबा, थोडं कमी-जास्त नाही का करता येणार?" मुलीने हळूच विचारलं.

"टेप रबराचा नसतो," बाबा म्हणाले आणि वहीत आकडा लिहायला बसले.

मुलीने नकाशा मांडीवर घेतला. रुसलेलं माणूस वाचतं तसा तो कोपऱ्याकोपऱ्यातून वाचला. खालच्या कडेला, शाईच्या डागाशेजारी, बारीक अक्षरांत एक ओळ होती: काठी कचेरीच्या पायरीची.

जुन्या कचेरीत आता टपालघर होतं. त्याच्या लांबलचक दगडी पायरीवर दोन खोल रेघा होत्या. गल्लीतली मुलं एका रेघेवरून धावत उडी मारत, आणि दुसरीपर्यंत पोचेल तो राजा. ती अजून एकदाही पोचली नव्हती. त्या रेघा कुणी आणि कशाला मारल्या, हे तिने आजवर कधी विचारलं नव्हतं.

ती छोटा टेप घेऊन पळाली. परत आली तेव्हा धाप लागली होती.

"नऊ फूट सहा इंच, बाबा! दोनदा मोजलं."

बाबांनी पेन खाली ठेवलं. नकाशाची कड डोळ्यांजवळ नेली. मग स्वतः टपालघरापर्यंत जाऊन आले.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "त्या काळी प्रत्येक कचेरीची काठी वेगळी असायची. पायरीवर खुणा करायच्या आणि तेवढीच काठी तोडून घ्यायची. मी पुस्तकातली धरली. चूक माझी." त्यांनी वहीतला आकडा खोडला. "काठीमागे दोन इंच. वीस काठ्यांना चाळीस इंच. हद्द एकशे नव्वद फुटांवर. भट्टी काकांच्याच जागेत आहे."

काकांनी मुलीच्या डोक्यावर पिठाचा हात ठेवला. काकू टेपकडे बघत राहिल्या.

"म्हणजे माझीच जागा तीन फुटांनी कमी झाली," त्या म्हणाल्या. "छान! बोलावलं मी, आणि गेलं माझंच." चष्मा पुसत त्या घराकडे निघाल्या.

मुलगी हसली. बाबा हसले नाहीत. त्यांनी नकाशा तिच्यापुढे सरकवला. "पुढच्या हद्दीची ओळ वाच."

"काकूंची आणि आपली हद्द. विहिरीपासून चाळीस काठ्या."

"आपलं कुंपण घालताना मी कुठली काठी धरली होती?"

"पुस्तकातली."

"मग मांड."

तिने बोटं मोजली नाहीत. चाळीस गुणिले दोन, ऐंशी इंच. सहा फूट आठ इंच. कुंपण तेवढं आपल्या घराकडे सरकायला हवं. पलीकडे रस्ता, तो काही सरकणार नव्हता. कुंपणापासून चार फुटांवर तिचं झाड होतं. झाडाला झोका होता.

काकू दारापर्यंत पोचल्या होत्या. काठीचं हे गणित त्यांना सुचलं नव्हतं, आणि कदाचित कधी सुचलंही नसतं.

मुलगी उठली. आपल्या अंगणात गेली. झोका एका हाताने बाजूला केला, टेपचं टोक कुंपणाला लावलं आणि हाक मारली, "काकू, जरा इकडे या ना. दुसरं टोक धरायला कुणीतरी हवंय."