बिनदिव्याचा कंदील

“नाही दिसत,” स्पीकरवर टाकलेल्या फोनवर मयूर म्हणाला. “डोळ्यांना दिसतेस. रडारवर नाही. माझ्या पडद्यावर तिथे नुसतं पाणी आहे.”

मनवाने डोलकाठीवरून स्टीलचं पातेलं खाली उतरवलं. तिची छोटी शिडाची होडी भाऊच्या धक्क्यापासून जरा आत नांगरलेली होती. मयूर तिच्याच चाळीतला, समोर लांब उभ्या असलेल्या टगबोटीवर नोकरीला. होडी फायबरची. रडारच्या लहरी तिच्यातून आरपार जायच्या, परत फिरायच्या नाहीत. पातेलं ही आईची कल्पना होती.

“काकी, पातेल्यात भात शिजतो. त्याने रडारवर दिसायला होत नाही.”

“तू गप रे. तुका काय दिसता ता सांग, अक्कल शिकवू नको.”

आई होडीच्या मधोमध चपला मांडीत घेऊन बसली होती. लालबागहून ती मुद्दाम आली होती. मनवाला देवगडला जायचं होतं, एकटीने, मोठ्या जहाजांची वाट ओलांडून. तिचे बाबा लहानपणी तिथूनच गलबतात बसून मुंबईला आले होते. एकदा शिडानेच परत जाऊ, असं म्हणायचे. गेल्या दिवाळीनंतर महिन्याभरात ते वारले. आईने एकच अट घातली होती. जहाजांना दिसलीस तर जा. नाही दिसलीस तर होडी विकून टाक.

आता आईने पिशवीतून शेवटची वस्तू काढली. बाबांचा कंदील. त्याच्याबरोबर रंगीत कागदाची गुंडाळीही निघाली. ती तिने मांडीवरच ठेवली.

चाळीचा आकाशकंदील दरवर्षी बाबाच करत. गेल्या वर्षी अर्धांगवायूने त्यांचा उजवा हात गेला, वाचा गेली. मनवा नोकरीसाठी कोचीला होती. गणपतीत घरी आली तेव्हा घ्यायच्या होडीबद्दल भरभरून बोलली. होडी जहाजांना दिसतच नाही, हीच काय ती भीती, असंही म्हणाली. बाबा ऐकत राहिले. ती गेल्यावर ते दिवसदिवस मोबाईलचा आवाज बंद करून काहीतरी बघत बसायचे. दिवाळी आली तेव्हा त्यांनी डाव्या हाताने कंदील केला. कामट्या नाहीतच. ॲल्युमिनियमचे तीन चौकोनी पत्रे, एकमेकांत काटकोनात अडकवलेले. आत बल्बला जागासुद्धा नव्हती.

“सीतारामदादा, उजेड काय बाहेरून मारायचा?” शेजाऱ्यांनी विचारलं. बाबांनी हसून भिंतीवरच्या मनवाच्या फोटोकडे बोट दाखवलं. लेकीची आठवण येतेय, असं सगळ्यांनी धरलं. कागद मात्र त्यांनी चिकटवलाच नाही. आईने ते मनाला लावून घेतलं होतं. ह्या माणसाने जन्मात कुठलं काम अर्धं टाकलं नव्हतं. कधीतरी आपणच कागद लावून तो पुरा करायचा, असं ठरवून तिने कंदील माळ्यावर ठेवला होता. मनवा तो आज पहिल्यांदा हातात घेत होती.

“ह्यो लाव,” आई म्हणाली. “पत्रो तरी आसा.”

मनवाने कडांवरून बोट फिरवलं. कुठेही बोचलं नाही. कानस मारून मारून सगळ्या कडा गुळगुळीत केलेल्या होत्या. डाव्या हाताने. तिने एका टोकाच्या भोकात दोरी ओवली आणि कंदील वर चढवला. तो ऐटीत, सरळ लटकला.

“आला!” मयूर ओरडला. आणि लगेच, “गेला. आला. परत गेला. होडी डुलली की ठिपका जातो. मनवा, असं नाही चालणार. जहाजावरचा माणूस ह्याला लाट समजेल.”

आईने पिशवी उचलली. “झाला मगे. होडी विकून टाक.”

“थांबा काकी. मनवा, काय लावलंयस तू? आकार कसा आहे?”

मनवाने सांगितलं.

“हा आकार मला माहीत आहे,” मयूर म्हणाला. “रडारवर दिसावं म्हणून छोट्या होड्यांवर असलाच टांगतात. लटकवलास कसा?”

“कंदील लटकवतात तसा. टोकावर.”

“तिथेच चुकलं. तिरपा कर. पत्र्यांमधला एक खळगा सरळ आभाळाकडे पाहिजे. पाऊस पडला तर पाणी साचेल, असा.”

उठायला निघालेली आई तशीच बसून राहिली.

“पाणी साचायचाच तेच्यात,” ती म्हणाली. “तीन कोपऱ्यांक तीन दोऱ्यो बांधून हेंनी तो वाकडोच टांगल्यानी. वरच्या गॅलरीतल्या कुंड्यांचा पाणी गळून भरायचो. मी रोज एका टोकार सरळ करी. रोज सकाळी हे परत वाकडो करीत. माका वाटला, डोक्यार पण परिणाम झालो.”

मनवाने कंदील खाली घेतला. भोकं तीन होती. एकात तिचीच दोरी होती. उरलेल्या दोन्हींत तिने दोऱ्या ओवल्या, तिन्ही वर एकत्र बांधल्या. कंदील कलंडला आणि त्याचा एक खळगा ओंजळीसारखा वर झाला. तिने तो तसाच चढवला.

शेजारून एक लाँच गेली. होडी जोरात डुलली. आईने डोलकाठी घट्ट धरली.

“मयूर?”

“ठिपका आता जातच नाही, काकी,” मयूर म्हणाला. “एवढीशी होडी. पण पडद्यावर ट्रॉलर उभा असल्यासारखी दिसतेय.”

आई मान वर करून कंदिलाकडे पाहत राहिली. मग तिने मांडीवरची रंगीत कागदाची गुंडाळी उलगडली, तळव्याने सपाट केली, नीट घडी घातली आणि पिशवीच्या तळाशी ठेवून दिली.

“म्हणजे,” ती म्हणाली, “कागद लावचो नव्हतोच.”