मांडीतली शीर

"आधी पाणी पी. मग नाव सांग. घशाला कोरड पडलेला माणूस काहीही बरळतो," बाई म्हणाली आणि तिनं मशक त्याच्या अंगावर फेकली.

तो घटाघटा प्यायला. पाणी दाढीवरून छातीवर सांडलं. मग त्यानं वाटभर घोकलेलं अदोमी नाव आणि गाव सांगितलं.

"कौसगबर. बोस्र्याचा."

खरा तो अज्रिएल. यहूदातल्या हेब्रोनचा कुंभार. पण यरुशलेम जळाल्यापासून या डोंगरात ते नाव घेणं म्हणजे आपल्याच गळ्यात दोर घालून टोक दुसऱ्याच्या हातात देणं. बाबेलचे सैनिक जाळून, लुटून थकले होते. पळालेल्यांना हुडकायचं काम अदोमी लोकांनी हौसेनं अंगावर घेतलं होतं. ते एसावाचे वंशज, हा याकोबाचा. एसाव आणि याकोब एकाच आईच्या पोटचे जुळे. सख्ख्यानं मान धरली की परक्याला फार जोर लावावा लागत नाही.

"कौसदेवाची शपथ, बोस्र्याचा माणूस इतका वाळलेला मी कधी पाहिला नाही," बाई म्हणाली. "मी मतरेद. एकटीच राहते. तूही एकटाच?"

"एकटाच."

तिच्यापुढे बोललेला तेवढा एकच शब्द खरा होता.

खोपटात चुलीशेजारी फडक्याखाली भाकऱ्यांची चांगली उंच चवड होती. त्याची नजर तिथं गेली.

"एकट्या बाईला एवढ्या भाकऱ्या?"

"धनगर येतात. राकसासारखे गिळतात मेले. तू नजर लावू नकोस. कौसची शपथ, पोट दुखेल त्यांचं."

त्यानं हसून दाखवलं. या बाजूच्या गुहांत हेब्रोनकडची काही माणसं लपली आहेत, असं त्यानं ऐकलं होतं. त्यासाठीच तर तो ही वाट धरून आला होता. कुणीतरी त्याला अज्रिएल म्हणून हाक मारावी, बस. पण हिला विचारायचं कसं? विचारलं की मेला.

मतरेदनं त्याच्यापुढे परात ठेवली. शिजवलेली बोकडाची अख्खी मांडी.

त्याचा हात जागीच थांबला. हे जेवण त्याच्या ओळखीचं होतं.

आरादच्या तिवाट्यावर अदोमी पहारेकरी असंच जेवण वाढत बसले होते, येईल त्याला. याकोबाला देवदूताशी झुंजताना जांघेत मार लागला, तेव्हापासून त्याचे वंशज मांडीतली शीर खात नाहीत. एसावाचे खातात. पहारेकरी कुणाचं तोंड बघत नव्हते. नुसती बोटं बघत होते. अज्रिएलचा धाकटा भाऊ याशूब भुकेनं परातीवर तुटून पडला, आणि त्याच्या बोटांनी आपोआप शीर सोडवली, बाजूला ठेवली. आईच्या घरात ठेवायचा तशीच. तिथंच त्याला बांधला. रांगेत मागं उभा असलेला अज्रिएल खाली मान घालून गर्दीतून सटकला. भावाकडं त्यानं वळूनही पाहिलं नाही.

"खा की," मतरेद म्हणाली. "का रे? बोस्र्यात बोकड सोडलाय की काय लोकांनी?"

"तू नाही जेवत?"

"माझं झालंय."

ती समोर उकिडवी बसली. तिचे डोळे त्याच्या तोंडावर नव्हते, बोटांवर होते.

त्यानं मांस तोडलं. शीर वर आली, पांढरी, चिवट. आईनं ती कुत्र्याखेरीज कधी कुणाला घातली नव्हती. त्यानं ती तोंडात टाकली. चावली. पुन्हा चावली. गिळली. मग तो हसला.

"खरी चव हिच्यातच. यहूदी गाढवं ही फेकून देतात."

मतरेद त्याच्याकडे बघत राहिली. तिचे खांदे हळूच खाली आले. सुटलो, त्याच्या मनात आलं.

"दिसतात का रे यहूदी, वाटेत?" तिनं विचारलं.

"दिसतात की! आरादच्या तिवाट्यावर एकाला मीच बांधला. शीर निवडत बसला होता, शहाणा."

"तू बांधलास?"

"या हातांनी."

"कसा होता?"

आता थांबणं धोक्याचं होतं. शिवाय याशूबबद्दल त्याला आजवर कुणी विचारलंच नव्हतं.

"कोवळा होता. मिसरूडही धड फुटलं नव्हतं," तो म्हणाला. आवाज फाटायला लागला तसा तो मोठ्यानं हसला. "रडला मात्र नाही हं पठ्ठ्या."

मतरेद उठली. तिनं त्याची मशक भरून दिली. भाकरी दिली नाही. त्यानंही मागितली नाही.

"ही घळ दिसते ना? तिच्यातून उतर. अरुंद आहे, पण सावली आहे. पुढं तुझीच माणसं भेटतील."

"कौस तुझं भलं करो, ताई."

"जा."

घळीत दोन्हीकडे कडे उभे होते, आभाळाची नुसती चिंधी वर. खोपट नजरेआड झालं तसं त्यानं कड्याला डोकं टेकलं आणि घशात दोन बोटं घातली. काही पडलं नाही. "याशूब, माफ कर रे," तो म्हणाला. मग स्वतःचं नाव घेतलं, हळूच. निदान दगडांनी तरी ऐकावं.

तेवढ्यात वरून मतरेदचा आवाज आला. पण हा आवाज अदोमी नव्हता. हेब्रोनच्या विहिरीवर बायका एकमेकींना घालतात ती हाक, तोच हेल. इतक्या दिवसांनी तो कानावर पडला, की शब्द कळायच्या आधीच तो हरखून थांबला आणि त्यानं तोंड वर केलं.

"दादांनो, आपला नाही हा! परमेश्वराची आण, शीर खाल्ली यानं! लोटा दगड!"