विश्वासू प्रवासी

विमानतळावर रांगेत उभं राहावं लागू नये म्हणून पवनने सरकारच्या विश्वासू प्रवासी योजनेसाठी अर्ज केला, आणि त्या अर्जापायी तो आसेगावच्या घरात अडकून पडला. चौकशीला माणूस कधीही येईल, अर्जदार घरी सापडला नाही तर अर्ज बाद होईल, असं त्याला कळलं होतं. कंपनीनेही बजावलं होतं, की महिनाअखेर मंजुरी आली नाही तर परदेश दौऱ्यांचं काम दुसऱ्याला जाईल. म्हणून तो दिवसभर मागच्या खोलीत कानाला हेडफोन लावून ऑफिसचं काम करायचा आणि त्याची आई, रुख्मिणीबाई, दारात बसून असायची. ती घाबरू नये म्हणून त्याने तिला एवढंच सांगितलं होतं, की एक सरकारी साहेब येणार आहेत.

महिना संपला. अर्ज 'पडताळणी प्रलंबित'वरून हलला नाही, आणि दौऱ्यांचं काम दुसऱ्याला गेलं.

"एक माणूस धाडाले काय जाते यांचं?" पवन चिडून म्हणाला. "मी इथं कोंबडीवानी कोंडून राह्यलो!"

"जाऊ दे बाप्पा," रुख्मिणीबाई त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली. "कायचे साहेब अन् कायचं काय! तू आतच होता, हेच बरं झालं." मग रस्त्याकडे पाहत तिने आवाज बारीक केला.

 

"पोलीस दोन खेपा आलते तुले विचारत. मी सांगतलं, ह्या नावाचं कोणी इथं राहतच नाही."